जुन्या मोटारसायकलीचा हिंवाळा



हिंगोलीचें नांव काढलें कीं कापूस, हळद आणि वैशाखांतलें रखरखीत ऊन हींच आठवतात. अशा मुलुखांतल्या माणसानें थंडींत इंजिन कसें तापवावें व कसें ठेवावें ह्यावर भाषण करावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. बर्फ पडणाऱ्या देशांचा तो प्रश्न. आम्हांस त्याचें काय? परंतु पौषांतली पहांट ज्यानें कयाधूच्या कांठीं काढली आहे, तो असें म्हणणार नाहीं. दुपारीं सदरा नकोसा व्हावा आणि रात्रीं घोंगडी अपुरी पडावी, असें आमचें हवामान. जुन्या इंजिनाचें वैर येथें गोठण्याशीं नाहीं, ह्या चढउताराशीं आहे; निवालेल्या धातूवर हवेंतलें पाणी धरतें आणि पाण्यामागून गंज येतो.

थंडीचा आणि इंजिनाचा झगडा मोटारसायकलीच्या जन्मापासूनचा आहे. १८८५ सालीं जर्मनींत गॉटलीब डायम्लर व विल्हेल्म मायबाख ह्यांनीं लांकडी सांगाड्याची पहिली पेट्रोल-दुचाकी बनविली, तेव्हां तींत विजेची ठिणगी नव्हतीच. सिलिंडरास जोडलेली एक नळी बाहेरून ज्योतीनें लाल होईपर्यंत तापवावयाची, मग तिच्या धगीनें आंतला वायु पेटावयाचा. म्हणजे आधीं शेगडी, मग सवारी! पुढें बॉशच्या कारखान्यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला व ठिणगीचें राज्य आलें. ज्योत गेली, थंडीची अडचण मात्र तेलांत जाऊन बसली.

तें तेल कोणतें, हें ऐकून आपणांस गंमत वाटेल. आरंभींच्या काळांत विमानांच्या व शर्यतीच्या इंजिनांना पाजीत तें आपलें एरंडेल. इंग्लंडांतील वेकफील्ड कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलास कॅस्ट्रॉल असें नांव दिलें, तें एरंडाच्या इंग्रजी नांवावरूनच. तापलेल्या धातूस एरंडेल घट्ट धरून राहतें, हा त्याचा मोठा गुण. पण थंडींत तें दाटतें, आणि पडून राहिलें तर चिकट होऊन बसतें. लहानपणीं ज्यांना नाक दाबून तें प्यावें लागलें, त्यांना हा दाटपणा मीं वर्णन करून सांगावयास नको. खनिज तेलेंहि ह्या दोषापासून मुक्त नव्हतीं. कॅनडाच्या उत्तर भागांतील वैमानिक रात्रीं इंजिनांतलें तेल काढून चुलीशेजारीं ठेवीत व सकाळीं गरम करून पुन्हां ओतीत. १९४१ च्या हिंवाळ्यांत रशियाच्या मैदानांत जर्मन सैन्याला इंजिनाखालीं विस्तव पेटवावा लागला. आज तेलाच्या डब्यावर २०-डब्ल्यू-५० असें लिहिलेलें असतें. त्यांतला डब्ल्यू म्हणजे हिंवाळाच.

हिंगोलीची लष्करी छावणी १९०३ सालीं उठली, तेव्हां मोटारसायकल युरोपांतहि रांगत होती. आपल्याकडे ती गांवोगांव दिसूं लागली स्वातंत्र्यानंतर. सैन्यास सीमेवरील गस्तीकरितां दणकट गाडी हवी होती. त्यांतून इंग्लंडच्या रॉयल एन्फील्डची बुलेट आली, आणि १९५५ सालीं मद्रास मोटर्सच्या भागीदारींत एन्फील्ड इंडिया ही कंपनी मद्रासला निघाली. त्या घडणीच्या जुन्या गाड्या आजहि कित्येक वाड्यांच्या पडवींत उभ्या आहेत. वडिलांची गाडी म्हणून विकवत नाहीं. मुलगा पुण्यास नोकरीला. दिवाळीस तो येतो तेव्हां ती रस्त्यावर निघते, आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जागची हलत नाहीं.

घरचे वडीलधारे मग दर रविवारीं किक मारून ती दोन मिनिटें सुरू करतात आणि इंजिन जिवंत ठेवल्याच्या समाधानानें बंद करतात. माझें सांगणें असें कीं, ही माया इंजिनाच्या मुळावर येते. पेट्रोल जळतें तेव्हां त्यांतल्या हायड्रोजनाचें पाणी होतें. एक लिटर पेट्रोलामागें जवळजवळ एक लिटर पाणी. इंजिन पुरतें तापलेलें असलें तर तें वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातें. थंड असलें तर सायलेन्सरांत सांचतें, आणि कांहीं भाग पिस्टनच्या कडेनें उतरून तेलांत मिसळतो. तेलावर ताकासारखी पांढुरकी साय धरते, आम्लें तयार होतात, आणि बेअरिंगें आंतल्या आंत खाल्लीं जातात. आमचा शेतकरी ओली हळद कधीं पोत्यांत भरीत नाहीं. इंजिनाच्या बाबतींत मात्र दर रविवारीं आपण तेंच करतों. गाडी काढावयाची तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून तेल तापूं द्यावें. नाहीं तर तिला हात लावूं नये.

बंद पडवींत किंवा खोलींत तर इंजिन कधींच सुरू करूं नये. त्या धुरांतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीमुळें दारेंखिडक्या लावलेल्या घरांत त्यानें माणसें झोंपेंतच जातात.

आतां सुरू करण्याची रीत. क्लच दाबून दोनचार किका माराव्या, म्हणजे तेलानें चिकटलेल्या प्लेटा सुटतात. कार्बोरेटरवरील टिकलर दाबून पेट्रोल वर येऊं द्यावें. अँपमीटरचा कांटा मध्यावर आला कीं डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित् पुढें सरकवावा, आणि मग एकच पूर्ण किक. थ्रॉटल पिळण्याचा मोह आवरावा. जुन्या बुलेटचा पिस्टन अल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. अल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. घाई केली तर पिस्टन आधीं फुगतो, सिलिंडर मागें राहतो, आणि दोहोंमधली फट नाहींशी होऊन इंजिन जाम होतें. एकदोन मिनिटें संथ चालवून पहिले चारपांच किलोमीटर गाडी हळू न्यावी.

महिनेच्या महिने ठेवावयाची असली, तर शेवटची फेरी लांबची करून इंजिन गरम असतांनाच जुनें तेल काढावें व नवें भरावें. टांकी व कार्बोरेटर रिकामे करावे. हल्लीं सर्वत्र २० टक्के इथेनॉलचें पेट्रोल मिळतें. ऊस पिकविणाऱ्या मराठवाड्यास त्याचें कौतुक आहे, मलाहि आहे. पण इथेनॉल पाणी शोषतें, आणि तें प्रमाणाबाहेर झालें म्हणजे, विशेषतः थंडींत, पाण्यासह वेगळें होऊन टांकीच्या तळाशीं बसतें. प्लग काढून चमचाभर तेल सिलिंडरांत सोडावें, किक हळू फिरवावी, आणि दोन्ही वाल्व बंद राहतील अशा जागीं पिस्टन थांबवावा. बॅटरी काढून ठेवावी. गाडी मोठ्या स्टँडवर, खालीं फळी घालून उभी करावी आणि वर सुती चादर टाकावी. प्लॅस्टिक नको, तें ओल कोंडतें. सायलेन्सरच्या तोंडांत तेलकट फडक्याचा बोळा घालावा, नाहीं तर कुंभारीण माशी तेथें घर करते आणि उंदीर एअर फिल्टरांत संसार थाटतात.

होळीनंतर गाडी काढतांना आधीं क्रँककेसखालचा बूच उघडून पाहावा. पंपांतून झिरपलेलें तेल तेथें सांचलेलें असतें. तें न काढतां किक मारली तर सारी आळी धुरानें भरते. आणि सायलेन्सरचा बोळा काढावयास विसरूं नये.