आले, सुंठ आणि जर्मन ‘इंगव्हर’

मंडळी, आपण कोयनानगरात बसलो आहोत, आणि सातारा जिल्हा आल्यासाठी प्रसिद्ध. तेव्हा आज शब्द आल्याचाच घेऊ. मराठी ‘आले’ संस्कृत ‘आर्द्रक’ यावरून, प्राकृतातल्या ‘अल्लय’मार्गे आले. आर्द्र म्हणजे ओले. वाळले की तेच सुंठ. सुंठीवाचून खोकला गेला, असे आपण म्हणतो ना, तीच ही.

पण जगात गेला तो तिसरा शब्द: शृंगवेर. पालीत तो ‘सिंगिवेर’, ग्रीकात ‘झिंगिबेरिस’, लॅटिनमध्ये ‘झिंगिबेर’. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी आल्याचा भाव देतो: पौंडाला सहा दिनार. तिथून लॅटिन-फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत ‘जिंजर’, डचमध्ये ‘खेंबर’ आणि जर्मनमध्ये ‘इंगव्हर’ झाले.

आता गंमत पाहा. तमिळमध्ये आल्याला ‘इंजी’ म्हणतात, आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. ‘इंजी-वेर’ आणि ‘इंगव्हर’! कुणालाही वाटेल, जर्मनांनी शब्द थेट तमिळांकडून उचलला. तसे नाही. जुन्या जर्मनमध्ये ‘गिंगिबेरो’ असे रूप होते. आरंभीचे व्यंजन पुढे गळाले. तमिळमध्येही आरंभीचे व्यंजन गळालेच, पण कितीतरी आधी आणि स्वतंत्रपणे. पालीतल्या ‘सिंगिवेर’ने ते जपून ठेवले. दोन घरांतली एकच वस्तू हरवली, म्हणून चोर एकच असे ठरत नाही.

मग शृंगवेर संस्कृताचा का? शिंगासारखे अंग असलेले, अशी फोड कोशात मिळते आणि आल्याचा तुकडा पाहिला की ती पटतेही. पण टॉमस बरोंसारख्या अभ्यासकांनी हा शब्द मुळात द्राविडी मानला. ‘वेर’चा अर्थ तिथे रोजच्या बोलण्यातला आहे; संस्कृताने परक्या शब्दाला ओळखीचे शिंग लावले, एवढेच.

हे मी का सांगतो? ‘सगळे शब्द आमच्याकडूनच गेले’ हे वाक्य आपण सभांमधून फार ऐकतो. गेले, हे खरेच. पण आपल्याकडे आलेही. ज्ञान म्हणायचे तर दोन्ही नोंदी एकाच वहीत हव्यात. नुसती जमा लिहून हिशेब होत नाही. विल्यम रॉस्कोने 1807 साली आल्याला ‘झिंगिबेर ऑफिसिनाले’ हे शास्त्रीय नाव दिले. त्या लॅटिन नावात दक्षिणेतले ते ‘वेर’, ते मूळ, अजून शिल्लक आहे.

पुढच्या व्याख्यानात सांगलीच्या हळदीकडे वळू.