नियोजित कालबाह्यता

वस्तू ठरावीक काळात निकामी व्हावी, दुरुस्त होऊ नये किंवा जुनाट वाटावी, अशी तिची मुद्दाम केलेली रचना. प्रसिद्ध उदाहरण विजेच्या दिव्याचे. १९२४ मध्ये जिनीव्हा येथे उत्पादकांनी ‘फीबस’ हा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणले. ज्याचे दिवे अधिक टिकत, त्याला दंड होई. कमी आयुष्याचा दिवा अधिक प्रकाश देतो, हा उत्पादकांचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. दंडाचे समर्थन मात्र त्याने होत नाही.

टिकाऊपणा म्हणजे अमरत्व नव्हे. जव्हार तालुक्यातील साखरशेत आणि मोखाड्याच्या परिसरात कारवीचा कूड, बांबूची कणगी, कामट्या व पानांचे इरले या वस्तूही झिजतात. पण कुडाचे पोपडे निघाले की शेणमातीने पुन्हा लिंपता येते, कणगीची तुटलेली कामटी बदलता येते आणि टाकलेले इरले मातीत मिसळते. इरल्याच्या जागी आलेला प्लॅस्टिकचा कागद फाटला की सांधत नाही, कुजतही नाही. चिकटवून बंद केलेल्या बॅटरीच्या मोबाइलचीही तीच गत: बिघाड एका भागाचा, कचरा सगळ्याचा.

फ्रान्सने २०१५ मध्ये नियोजित कालबाह्यता हा गुन्हा ठरविला. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.