बंदुकीच्या नळीचे तोंड : चोक, कॉम्पेन्सेटर आणि कायदा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या अचूकतेने काम करणे, नळीला आतून आटे पाडणे, ही अनेक छोट्या कार्यशाळांची रोजची गोष्ट आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या या वसाहतीतील कुशल टर्नरला बारा बोअरच्या बंदुकीच्या तोंडाशी बसणारी बोटभर लांबीची पोलादी नळी हा अवघड जॉब वाटणार नाही. मात्र परवान्याशिवाय तो जॉब हाती घेणे भारतीय शस्त्र कायद्यानुसार गंभीर गुन्हा ठरू शकते. बंदुकीचा मालक परवानाधारक असला तरी त्यामुळे कारागिराला संरक्षण मिळत नाही. नळीच्या तोंडाशी बसणारी साधने कोणती, त्यांचे कार्य काय आणि कायद्याची रेषा नेमकी कोठे आहे, हे म्हणूनच समजून घेणे आवश्यक आहे.

चोक म्हणजे काय?

छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांपैकी एका गोळीचा जो व्यास येतो तो बारा बोअरच्या नळीचा व्यास होय. हे माप सुमारे १८.५ मिलिमीटर भरते. काडतूस उडाल्यावर छरे एकत्र बाहेर पडतात आणि अंतर वाढत जाईल तसे पसरत जातात. हा पसारा आटोक्यात ठेवण्यासाठी नळीचा शेवटचा भाग किंचित अरुंद केलेला असतो. या अरुंदपणाला चोक म्हणतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील बंदूक कारागीर विल्यम पेप यांनी १८६६ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी १८७० च्या दशकात तिचा प्रसार केला.

चोकची प्रत ठरविण्याची रूढ पद्धत सोपी आहे. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, मोठा कागद लावून गोळी झाडतात. कागदावर ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून त्यात काडतुसातील किती टक्के छरे पडले हे मोजतात. चोकचे प्रमुख प्रकार आणि त्यांची ढोबळ मापे पुढीलप्रमाणे आहेत.

सिलिंडर : नळी अजिबात अरुंद नसते, सुमारे ४० टक्के छरे वर्तुळात पडतात.
इम्प्रूव्हड सिलिंडर : सुमारे पाव मिलिमीटर अरुंद, ५० टक्के.
मॉडिफाइड : सुमारे अर्धा मिलिमीटर अरुंद; ६० टक्के.
फुल : सुमारे ०.९ ते १ मिलिमीटर अरुंद, ७० टक्के.

जुन्या दुनळी बंदुकांत चोक नळीतच कायमचा घडविलेला असे. दोन नळ्यांचा चोक बहुधा वेगवेगळा ठेवीत, म्हणजे एक नळी जवळच्या आणि दुसरी लांबच्या लक्ष्यासाठी वापरता येई. पुढे आट्यांनी बसविता व काढता येणारे चोक प्रचारात आले आणि एकाच नळीतून वेगवेगळा पसारा मिळविणे शक्य झाले.

मैदानावरील उपयोग

चोकचा सर्वांत काटेकोर विचार ट्रॅप आणि स्कीट या नेमबाजीच्या प्रकारांत केला जातो. दोन्हींत ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी हवेत फेकली जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार काडतुसात २४ ग्रॅम छरे असतात. ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर जात असते आणि गोळी लागेपर्यंत ती ३० मीटरपलीकडे पोहोचलेली असू शकते. त्यामुळे तेथे मॉडिफाइड किंवा फुल चोक वापरतात. स्कीटमध्ये तबकडी २० मीटरच्या आसपास टिपली जाते. तेथे छरे लवकर पसरणे हिताचे असल्याने खुला चोक निवडतात.

भारतात या खेळाला मोठी परंपरा आहे. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे रौप्यपदक पटकावले, तर मानवजीतसिंग संधू २००६ मध्ये ट्रॅपचे विश्वविजेते झाले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांचे मिश्र स्कीटमधील कांस्यपदक अवघ्या एका गुणाने हुकले. छऱ्यांच्या काडतुसांशी महाराष्ट्राचेही नाते आहे. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे देशभरातील परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे.

अर्धस्वयंचलित बंदुकीचे वेगळेपण

चाप एकदा ओढल्यावर एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येते, अशा बंदुकीला अर्धस्वयंचलित म्हणतात. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवरून विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियममध्ये तयार होऊ लागलेली ‘ऑटो-५’ ही या प्रकारातील पहिली यशस्वी बंदूक होय. तिच्यात गोळी सुटताच संपूर्ण नळी धक्क्याने मागे सरकते आणि त्या हालचालीवर यंत्रणा चालते. अशा नळीच्या तोंडावर वजनदार साधन बसविले, तर मागे सरकण्याचा वेग बदलतो आणि काडतूस अडकण्याचा संभव वाढतो. नळीतील वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकांत मात्र वायू तोंडाच्या बराच अलीकडे काढून घेतला जातो. त्यामुळे चोक बदलल्याने त्यांच्या कार्यावर विशेष परिणाम होत नाही.

चोकखेरीज इतर साधने

गोळी सुटताना नळीचे तोंड वर उसळते. बाहेर पडणारा वायू भोकांवाटे वर किंवा बाजूला वळवून ही उसळी कमी करणाऱ्या साधनाला कॉम्पेन्सेटर म्हणतात. त्यामुळे बाजूला उभ्या असलेल्यांना आवाज अधिक तीव्र जाणवतो. याउलट आवाज कमी करणारा सायलेन्सर आणि ज्वाला झाकणारा फ्लॅश हायडर यांचा हेतू निराळा असतो. दिसायला ही सारी साधने नळीच्या टोकाशी बसणारे नळकांडेच असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत महदंतर आहे.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भाग येतात. तसेच बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनविलेली साधनेही येतात. म्हणजेच सुटा सायलेन्सर, बंदूक जवळ नसतानाही, कायद्याच्या लेखी अग्निशस्त्रच होय. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत अशी साधने पहिल्या, म्हणजे सर्वाधिक निर्बंध असलेल्या गटात घातलेली आहेत. अर्धस्वयंचलित बंदुका आणि २० इंचांपेक्षा आखूड नळीच्या छऱ्यांच्या बंदुकाही सामान्यतः याच गटात मोडतात. सर्वसाधारण परवाना नाशिक शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात. पहिल्या गटातील शस्त्रांचा निर्णय मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनविणे, विकणे, त्यात रूपांतर करणे किंवा ते दुरुस्त करणे यांना मनाई आहे. कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. ही दोन्ही कलमे मोडणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पूर्वी हीच शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षे होती. शस्त्र बाळगण्याचा परवाना आणि शस्त्र बनविण्याचा वा दुरुस्त करण्याचा परवाना हे दोन वेगळे परवाने आहेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मालकाकडे पहिला असला म्हणून कार्यशाळेकडे दुसरा आहे असे होत नाही.

नळी कापण्याचा दुहेरी तोटा

पिकांच्या राखणीसाठी किंवा पहाऱ्यासाठी ठेवलेली वडिलोपार्जित बंदूक लांब व अवजड वाटते, म्हणून तिची नळी थोडी कापून घ्यावी, असा विचार काही वेळा केला जातो. कायद्याचा भंग बाजूला ठेवला तरी त्यात तांत्रिक तोटाही आहे. जुन्या बंदुकीचा चोक नळीच्या शेवटच्या काही सेंटीमीटरमध्येच असतो. तो भाग कापला की फुल चोकची बंदूक क्षणात सिलिंडर होते आणि छऱ्यांचा पसारा वाढतो. ४० यार्डांवर वर्तुळात पडणारे ७० टक्के छरे ४० टक्क्यांवर येतात. उरलेले कोठे जातील याचा भरवसा राहत नाही. शिवारात माणसे आणि जनावरे वावरत असताना ही बाब जिवावर बेतू शकते.

घ्यावयाची काळजी

बदलता येणारा चोक त्याच बंदुकीसाठी बनविलेला असावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे सारखे नसतात आणि काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचेही जुळत नाहीत. चोक पूर्ण बसलेला नसेल, तर छरे त्याच्या मागील कडेवर आदळून नळी फुगू किंवा फाटू शकते. म्हणून चोक बदलताना बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी, आटे स्वच्छ करून त्यांना हलके तेल लावावे आणि नेमबाजी सुरू असताना चोक सैल झालेला नाही ना, हे अधूनमधून तपासावे. चोक न बसविता त्या नळीतून गोळी झाडू नये, कारण आतील आटे खराब होतात. पोलादी छऱ्यांसाठी किंवा एकाच मोठ्या गोळीच्या काडतुसासाठी फुल चोक वापरू नये; त्यासाठी बंदुकीच्या निर्मात्याची सूचना पाहावी.

दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी आणि बंदूक सोपविताना लेखी पावती घ्यावी. कार्यशाळांनीही ड्रॉइंग वा नमुना न सांगता आणून दिलेल्या नळकांड्याचा उपयोग काय, हे विचारल्याखेरीज काम स्वीकारू नये. विशेषतः आत पडदे आणि मध्यभागी भोक असलेला जॉब आला आणि आणणारा त्याचा उपयोग सांगण्यास टाळाटाळ करू लागला, तर काम नाकारून पोलिसांना कळविणे हेच शहाणपणाचे होय. पाव मिलिमीटरचा फरक ओळखणाऱ्या कारागिराला कायद्याची ही रेषाही तितक्याच स्पष्टपणे माहीत असली पाहिजे.