पाव्हणं, गाव कुठलं?

मंडळी, या शनिवारी एका छोट्याशा सिस्टिम कॉलचा इतिहास. नाव गेटसॉकनेम. दोन प्रोग्रॅम नेटवर्कवरून बोलतात तेव्हा प्रत्येकाच्या हातात जोडणीचं एक टोक असतं, ते सॉकेट. त्या टोकाला 'बाबा रे, तुझा स्वतःचा पत्ता काय?' असं विचारलं की ते आयपी पत्ता आणि पोर्ट नंबर सांगतं. बस्, एवढंच काम.

आता कुणी म्हणेल, स्वतःचा पत्ता विचारावा कशाला लागतो? लागतो हो. मशीनला दोन नेटवर्क कार्डं असली तर पत्तेही दोन. जायचंय कुठे त्यावरून वाट कर्नल ठरवतो आणि वाटेवरून पत्ता. पोर्टसुद्धा क्लायंट सहसा स्वतः निवडत नाही. मोकळा असेल तो कर्नल देतो. तेव्हा 'मशीनचा पत्ता काय' यापेक्षा 'या जोडणीचा आपल्या बाजूचा पत्ता काय' हा जास्त नेमका प्रश्न.

हा कॉल आला १९८३ साली. त्या वर्षी १ जानेवारीला अर्पानेटनं टीसीपी/आयपी स्वीकारलं आणि ऑगस्टमध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून ४.२ बीएसडी हे युनिक्स बाहेर पडलं. सॉकेट त्यातलंच, गेटसॉकनेमही त्यातलंच. आज लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे तो जवळजवळ तसाच आहे.

त्याचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे एफटीपी. हा प्रोटोकॉल त्याहून जुना. आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी १९७१ मध्ये त्याचा पहिला मसुदा लिहिला. एफटीपीची पद्धत मोठी भाबडी. फाइल हवी असली की क्लायंट सर्व्हरला सांगतो, 'माझा पत्ता हा, पोर्ट हा, इथे आणून दे.' पत्त्याचे चार आकडे, पोर्टचे दोन, मध्ये स्वल्पविराम. मग सर्व्हर त्या पत्त्यावर दुसरी जोडणी उघडतो. बर्कलीचा क्लायंट हा पत्ता गेटसॉकनेमलाच विचारायचा. उत्तर बरोबर असायचं, कारण आतून दिसणारा आणि बाहेरून दिसणारा पत्ता एकच होता.

पुढे पत्ते कमी पडायला लागले. ३२ बिटांत मावतात साधारण ४२९ कोटी. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी 'नॅट'चा तोडगा मांडला: आत खासगी पत्ते, आणि वेशीवरचा राउटर बाहेर जाताना ते बदलणार. ऑफिसातल्या इंटरकॉमसारखं. २१४ नंबर आत चालतो, बाहेरच्या माणसाला देऊन काय उपयोग?

एफटीपीनं मात्र नेमका तोच नंबर बाहेर दिला. सॉकेट प्रामाणिकपणे १९२.१६८.१.५ सांगणार, तसे पत्ते जगात लाखो! लॉगिन व्हायचं, पण फायलींची यादी मागितली की सगळं थंड. मग राउटर पाकिटात डोकावून मजकुरातला पत्ताही बदलायला लागले, आणि क्लायंटनंच दोन्ही जोडण्या उघडायचा 'पॅसिव्ह मोड' रूढ झाला.

२००३ मध्ये 'स्टन' प्रोटोकॉल आला. त्यात बाहेरच्या सर्व्हरला विचारायचं, 'मी तुला कुठून आलेला दिसतो?' ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल आजही हेच करतात.

म्हणजे १९८३ मध्ये मशीनला स्वतःचं गाव ठाऊक होतं. आता ते परक्याला विचारावं लागतं. मला हा बदल किरकोळ वाटत नाही. माझ्या घरातला संगणक तुमच्या घरातल्या संगणकाशी थेट बोलायला गेला तरी आधी कुणाचा तरी सर्व्हर मध्ये लागतो. कधीकधी तर अख्खं बोलणंच त्याच्यामार्फत जातं. मधल्या माणसाला हे महत्त्व बरंचसं पत्त्यांच्या टंचाईनं दिलं. आयपीव्ही६ मध्ये पत्ते १२८ बिटांचे आहेत, टंचाई नाही. पण तिथेही वेशीवर फायरवॉल बसलेली असतेच.

असो. गेटसॉकनेम आजही खोटं बोलत नाही. त्याचं उत्तर दुसऱ्याला कळवण्याआधी तो दुसरा वेशीच्या आत आहे की बाहेर, तेवढं बघा.