रकान्याबाहेरचे बारा तास

गुरुवार, ५ जून २०१४, वॉशिंग्टन

अमेरिकी सिनेटच्या अर्थवाटप समितीपुढे आज ट्रकचालकांच्या झोपेचा विषय आहे. आदल्या वर्षीच्या जुलैपासून लागू झालेला नियम सांगतो की आठवड्याच्या तासांचा हिशेब नव्याने सुरू करायचा असेल, तर चालकाने सलग ३४ तास सुट्टी घ्यावी आणि त्या सुट्टीत पहाटे १ ते ५ ही वेळ दोनदा यावी. माणसाला दोन रात्री झोप मिळावी, इतकाच हेतू. वाहतूकदारांची तक्रार अशी की यामुळे सगळे ट्रक सकाळच्या गर्दीत एकदम रस्त्यावर उतरतात. मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांची दुरुस्ती समिती मंजूर करते. दोन पहाटांची अट स्थगित करावी, असं ती म्हणते. कायदा व्हायला अजून अवकाश आहे, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

गुरुवार, रात्री ९ च्या सुमारास, जोन्सबरो, जॉर्जिया. उरले २८ तास

अटलांटाजवळच्या या गावात वॉलमार्टचा एक ट्रकचालक राहतो. त्याचं नाव पुढे खटल्यामुळे देशभर झालं, इथे त्याची गरज नाही. नोकरी डेलावेअरमधल्या स्मर्ना इथल्या डेपोवर, घरापासून सुमारे ८०० मैलांवर, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटर. आपल्याकडच्या हिशेबात मुंबईहून निघून दिल्लीच्या बरंच जवळ पोचण्याइतकं. कामाची पाळी उद्या दुपारच्या आत सुरू व्हायची आहे, आणि तिथे जायचं तर रात्रभर गाडी हाकायला हवी.

तो स्वतःच्या गाडीने निघतो. जवळपास बारा तासांचा रस्ता.

या बारा तासांची सरकारदरबारी नोंद काय? अमेरिकेत ट्रकचालकाच्या लॉगमध्ये चोवीस तासांची आडवी पट्टी असते, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुणा केलेली, आणि तिच्यात चार ओळी: ऑफ ड्युटी, स्लीपर बर्थ, ड्रायव्हिंग, आणि गाडी न चालवता केलेली ड्युटी. दिवसभर रेघ या ओळीतून त्या ओळीत वरखाली जात राहते. दिवसाअखेर चालक खाली सही करतो की लिहिलंय ते खरं आहे. कागदी वह्यांच्या जमान्यात चालक मंडळी या वहीला खाजगीत ‘कॉमिक बुक’ म्हणत, त्यावरून सहीची किंमत समजावी. पण आपल्या चालकाला खोटं लिहायची गरजच नाही. घरून कामावर जाणं म्हणजे ऑफ ड्युटी. आज रात्री तो १,३०० किलोमीटर गाडी चालवेल आणि लॉगमधली रेघ ‘ऑफ ड्युटी’वर सरळ, शांत पडून असेल. नियमाप्रमाणे तो विश्रांती घेतो आहे.

शुक्रवार, ६ जून, सकाळी ११:२२, स्मर्ना. उरले साडेतेरा तास

ड्युटी सुरू. आता घड्याळं चालू झाली. एक १४ तासांचं: कामावर हजर झाल्यापासून चौदा तासांपुढे ट्रक चालवायचा नाही. त्याच्या पोटात दुसरं, ११ तासांचं: प्रत्यक्ष चाक हातात असण्याची कमाल मर्यादा. आणि ड्युटीवर येण्याआधी सलग १० तास सुट्टी झालेली असली पाहिजे.

ती झालेली आहे. कागदावर हा माणूस ताजातवाना आहे. खरं तर तो चौदा-साडेचौदा तास जागा आहे आणि त्यातले बहुतेक तास स्टिअरिंगमागे गेले आहेत.

दुपारी २ च्या सुमारास. उरले ११ तास

या वेळेला काहीच घडत नाही. ट्रक कुठेतरी वाटेत आहे, एवढंच. तरीही इथे थांबायला हवं, कारण साधारण आता त्याच्या जागरणाला सतरा तास होतात.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक पानभर निबंध छापला. त्यांनी लोकांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली आणि दोन्ही वेळा तीच चाचणी दिली: हात आणि डोळे यांचा मेळ कितपत बसतो ते पाहणारी. सतरा तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडला. चोवीस तास जागलेला ०.१० टक्क्यांच्या आसपास पोचला. भारतात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत साध्या मोटारीसाठी ०.०८, पण ट्रकचालकासाठी ०.०४.

दारूबाबत अमेरिकी नियम चालकाच्या खिशात आणि खोलीतही डोकावतो. ड्युटीवर येण्याआधीचे चार तास दारूला स्पर्श नाही. ड्युटीवर असताना जवळ बाटलीसुद्धा ठेवायची नाही. चार तासांचा नियम मोडला तर चोवीस तास गाडीला हात लावायचा नाही. रक्तात ०.०२ निघाली, तरी चोवीस तास घरी. कधीही अवचित चाचणी होऊ शकते. अपघातानंतर आठ तासांत चाचणी व्हायलाच हवी आणि ती होईपर्यंत किंवा आठ तास उलटेपर्यंत चालकाने घोटभरही घ्यायची नाही.

यातली चार तासांची अट एकटी घेतली तर तोकडीच आहे. शरीर तासाला साधारण ०.०१५ टक्के या दराने दारू निपटतं. सुट्टीतल्या रात्री ०.१२ पर्यंत चढलेला माणूस चार तासांनी ०.०६ वर असतो. म्हणजे घड्याळ त्याला सोडून देईल, पण फुंकणीचं यंत्र सोडणार नाही. म्हणून दोन्ही ठेवलेत, आणि हे शहाणपणाचं आहे. सुट्टी तुझी असली तरी तिच्यात तू काय प्यायलास हे आम्ही विचारणार, असं कायदा बजावतो.

झोपलास का, हे मात्र कोणी विचारत नाही. झोपेसाठी फुंकायचं यंत्र नाही हे खरं. पण साधा प्रश्न विचारायला यंत्र कशाला लागतं? या चालकाने रात्री घरी बसून चार पेले रिचवले असते आणि सकाळी त्याच्या तोंडाला वास आला असता, तर स्मर्नाच्या डेपोतून तो बाहेर पडू शकला नसता. रात्रभर गाडी हाकून आला, म्हणून बाहेर पडला.

(आपल्याकडे १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत चालकाला दिवसाला कामाचे आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून देत होता. हा कायदा ऐकून माहीत असलेला ट्रकचालक मला एखाद्या ढाब्यावर भेटेल, या आशेवर मी अजून आहे.)

शुक्रवार, रात्री ९ च्या सुमारास. उरले ४ तास

चोवीस तास पूर्ण. न्यू जर्सीच्या हद्दीत या आकड्याला कायद्याचं वजन आहे. १९९७ मध्ये तीस तास जागलेल्या एका चालकाची गाडी समोरून आलेल्या मॅगी मॅक्डॉनेल या विद्यार्थिनीच्या गाडीवर आदळली आणि ती गेली. चालक मात्र किरकोळ दंडावर सुटला, कारण झोप न घेता गाडी चालवणं हा गुन्हा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये ‘मॅगीज लॉ’ आला: चोवीस तास न झोपता गाडी चालवून कोणाचा जीव घेतला, तर तो बेदरकारपणा धरता येईल. अशी तरतूद करणारं अमेरिकेतलं हे पहिलं राज्य.

पण हा कायदा माणूस मेल्यावर जागा होतो.

याच संध्याकाळी स्मर्नापासून वीसेक किलोमीटरवर, डोव्हर डाउन्सच्या कसिनोत विनोदवीर ट्रेसी मॉर्गन याचा कार्यक्रम आहे. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ आणि ‘थर्टी रॉक’मुळे घरोघरी माहीत झालेला चेहरा. सोबत त्याचे मित्र आणि सहकलाकार, त्यांत जेम्स मॅकनेअर. रंगमंचावर त्याला अंकल जिमी मॅक म्हणतात. कार्यक्रम संपल्यावर सगळे एका मर्सिडीज स्प्रिंटर व्हॅनमध्ये बसून न्यूयॉर्ककडे निघतात. चालक भाड्याचा आहे, मागच्यांनी आरामात पाय पसरावेत.

मागच्या भागात बसलेले पट्टे बांधत नाहीत.

शनिवार, ७ जून, मध्यरात्र. उरली ५४ मिनिटं

ट्रक न्यू जर्सी टर्नपाइकवर उत्तरेकडे चालला आहे, पर्थ अँबॉयच्या दिशेने. हिशेब अजून चोख आहे. ११ तासांतले दोनेक तास शिल्लक, १४ तासांतली ८२ मिनिटं शिल्लक. कोणत्याही तपासनाक्यावर थांबवलं असतं, तर लॉग पाहून शिपायाने हात हलवून पुढे जायला सांगितलं असतं.

मध्यरात्र ते पहाट ही वेळ शरीराच्या स्वतःच्या घड्याळात सर्वांत खोल उताराची. भरपूर झोपलेल्या माणसालाही ती जाणवते.

१२:५३. उरलं १ मिनिट

क्रॅनबरीजवळ पुढे रस्त्याच्या कामासाठी मार्गिका बंद केल्या आहेत. वाहनं खोळंबून हळूहळू सरकताहेत. एरवीची मर्यादा ताशी ५५ मैल, कामामुळे ती ४५ वर आणलेली, तसे फलक लावलेले. ट्रकच्या यंत्रात नोंदलेला वेग ६५. किलोमीटरमध्ये सांगायचं तर १०५, जिथे ७२ हवा होता. शेवटची साठ सेकंदं हा वेग तसाच आहे. साठ सेकंदांत या वेगाने ट्रक पावणेदोन किलोमीटर जातो. एवढ्या अंतरात फलक होते, आणि शेवटी लाल दिव्यांची रांग होती.

१२:५४

ट्रक स्प्रिंटरच्या पाठीवर आदळतो. व्हॅन उलटते. एकूण सहा वाहनं एकमेकांत गुंततात. जेम्स मॅकनेअर जागीच जातो. मॉर्गनचा पाय, नाक, बरगड्या मोडतात आणि मेंदूला मार बसतो. पुढचे कित्येक दिवस तो शुद्धीवर नाही. आणखी तिघे गंभीर. व्हॅनची आतली रचना बदललेली, त्यामुळे मागच्यांना बाहेर काढायलाच बराच वेळ लागतो.

चालकाच्या ड्युटीचे १३ तास ३२ मिनिटं झाले आहेत. त्यात प्रत्यक्ष ड्रायव्हिंग ९ तास ३७ मिनिटं. दारू कारणांच्या यादीत नाही.

१:२२

अपघात झाला नसता तर या मिनिटाला १४ तासांचं घड्याळ संपून त्याला ट्रक उभा करावा लागला असता.

नंतर

फिर्यादीत लिहिलं गेलं: चोवीस तासांहून अधिक काळ झोप नाही. मॅगीच्या कायद्याचा आधार तिथे होता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल मांडला तेव्हा आकडा अठ्ठावीस तासांवर गेला, आणि कारण म्हणून चालकाचा थकवा नोंदवला गेला: कामावर येण्याआधी त्याने झोप घेतली नव्हती. वेग कमी केला असता तर ट्रक वेळेत थांबला असता, हेही त्यात होतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये वॉलमार्टच्या वकिलांनी कोर्टात उत्तर दाखल केलं की जखमा निदान अंशतः तरी पट्टे न बांधल्यामुळे झाल्या. पट्टे नव्हते हे खरंच होतं. लोक तरीही भडकले, आणि मला वाटतं बरोबरच भडकले. मॅकनेअरच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर मिळाले. मॉर्गनशी मे २०१५ मध्ये समझोता झाला, रक्कम तेव्हा जाहीर झाली नाही. चालकाने २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांच्या देखरेखीच्या बोलीवर तुरुंगातून वाचला.

आणि कॉलिन्स यांची दुरुस्ती? डिसेंबर २०१४ मध्ये, अपघाताला सहा महिने झाले असताना, खर्चाच्या अवाढव्य विधेयकात बसून ती मंजूर झाली. दोन पहाटांची अट गेली. अपघाताच्या रात्री ती लागूच होती, तरी या चालकाला उपयोग झाला नाही, कारण त्याची सुट्टी भरपूर झालेली होती; ती कुठे आणि कशी गेली एवढाच प्रश्न होता.

डिसेंबर २०१७ पासून कागदी वही बहुतेक ट्रकांतून हद्दपार झाली. आता इंजिनला जोडलेलं यंत्र लॉग लिहितं. गाडीने ताशी पाच मैलांचा वेग ओलांडला की रेघ आपोआप ‘ड्रायव्हिंग’वर जाते, चालकाला सहजासहजी थाप मारता येत नाही. चार ओळी त्याच आहेत. घरून स्वतःच्या गाडीने रात्रभर आलेला माणूस या यंत्रातही ‘ऑफ ड्युटी’च दिसतो.