घरात न सांगितलेली हकीकत

खानदानाचा शजरा लिहिताना आपण नावे, गावे आणि तारखा जमवतो. पण बुजुर्गांनी जे मुद्दामच सांगितले नाही, त्याला शजऱ्यात जागा कुठे? जॉर्ज लव्हलेस या इंग्रज शेतकऱ्याच्या खानदानाची हकीकत हाच सवाल विचारते.

जॉर्जचा जन्म १७९७ चा. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावचा हा शेतमजूर. ख्रिस्ती धर्माच्या मेथॉडिस्ट पंथात पाद्री नसलेल्या माणसालाही प्रवचन करता येते. जॉर्ज आठवडाभर शेतात राबे आणि रविवारी प्रवचन करी. मोजक्या मिळकतीतून त्याने धर्मग्रंथांचा छोटा संग्रहही केला होता.

त्या काळी टॉलपडलच्या मजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली. आता ती सहावर येणार होती. म्हणून १८३३ मध्ये त्यांनी संघटना बांधली. संघटना करणे तेव्हा गुन्हा नव्हता. मग जमीनदारांनी नौदलातील बंडानंतरचा १७९७ चा बेकायदा शपथांविरुद्धचा कायदा शोधून काढला. सभासदांनी गुप्त शपथ घेतली, एवढ्यावरून मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांत जॉर्ज, त्याचा भाऊ, मेहुणा आणि भाचा असे चौघे एकाच गोतावळ्यातले होते.

जॉर्जला आजच्या टास्मानियात पाठवले. मागे बायको बेट्सी आणि लेकरे. गरिबांसाठी गावातून मिळणारी मदतही या कुटुंबांना नाकारली गेली. कामगारांच्या वर्गणीने त्यांना जगवले. लंडनमध्ये मोठा मोर्चा निघाला, अर्जांवर लाखो सह्या झाल्या, आणि मार्च १८३६ मध्ये सरकारने पूर्ण माफी दिली. १८३७ मध्ये जॉर्ज घरी परतला आणि त्याच वर्षी आपल्यावरील अन्यायाची पुस्तिका छापली.

वर्गणीतून त्यांना एसेक्समध्ये खंडाने शेती मिळाली, पण तिथल्या बड्या लोकांनाही ते नकोसे झाले. अखेर १८४४ च्या सुमारास सहापैकी पाच जण बायकामुलांसह कॅनडाला गेले. तीही इंग्रजांचीच वसाहत. आजच्या ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाच्याच शहराजवळ जॉर्जने शेती केली, प्रार्थनाघर उभारायला हातभार लावला आणि १८७४ मध्ये डोळे मिटले. सहावा, जेम्स हॅमेट, टॉलपडललाच राहिला आणि १८९१ मध्ये गरिबांच्या आश्रयगृहात वारला.

कॅनडात मात्र या कुटुंबांनी मागचे सारे झाकून ठेवले. ज्याने जगासाठी पुस्तिका छापली, तो नव्या मुलुखात गप्प राहिला. माफीने शिक्षा रद्द होते, डाग जात नाही, हे त्याला ठाऊक असावे. पण त्या मौनाने मुलांना बदनामीतून वाचवले, तसे बापाच्या इज्जतीपासूनही दूर ठेवले.

१९३४ मध्ये, शंभर वर्षांनी, कामगार संघटनांनी टॉलपडलमध्ये या सहा जणांच्या नावाने सहा घरे बांधली. बेट्सीच्या नावाचे घर त्यांत नाही. आमच्या उर्दू शाळेत मुले घरची माहिती लिहितात, तेव्हा दादांचे नाव, गाव, पेशा सारे भरून येते. दादीच्या रकान्यात फक्त नाव असते. दादा तुरुंगात, परदेशात किंवा गिरणीच्या संपात असताना चूल कुणी पेटती ठेवली, हे कुणी विचारलेले नसते. दादी हयात आहे, तोवर ते विचारून घ्यावे.