कॉर्नवेल, जॉन ट्रॅव्हर्स

(८ जानेवारी १९००–२ जून १९१६). जटलंडच्या लढाईत मरणप्राय जखमी झालेला, जॅक या नावाने ओळखला जाणारा ब्रिटिश नौसैनिक. पहिल्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉसचा सर्वांत अल्पवयीन मानकरी. लंडनलगतच्या लेटन येथे कष्टकरी कुटुंबात जन्म. शाळा सुटल्यावर ब्रुक बाँडकडे घरपोच माल देणारा पोऱ्या म्हणून त्याने काम केले आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये वडिलांना न विचारता नौदलात नाव घातले. प्रशिक्षणानंतर 'चेस्टर' या नव्या क्रूझरवर तोफेचा वेध लावण्याचे काम त्याच्याकडे आले. वरून अंतराचा आकडा कानी पडला की वेधपट्टी त्यावर आणायची, मग पुढच्या आकड्याची वाट पाहायची. ३१ मे १९१६ रोजी जर्मन क्रूझरांनी चेस्टरला गाठले. तोफांच्या ढाली डेकपर्यंत पोहोचत नव्हत्या. खालच्या फटीतून शिरलेल्या पोलादी कपच्यांनी अनेकांचे पाय गेले. २९ जण ठार झाले. छातीत कपच्या घुसलेल्या असूनही जॅक शेवटपर्यंत जागेवर उभा होता. ग्रिम्झबीच्या रुग्णालयात, आई पोहोचण्याआधीच, त्याचा मृत्यू झाला.

जॅकचे शौर्य अस्सल होते, त्याची कीर्ती मात्र घडवलेली होती. या दोहोंचा हिशेब वेगळा मांडायला हवा. त्याने शत्रूचे काहीच बिघडवले नाही, तो नुसता उभा राहिला, असा आक्षेप घेतला जातो. पण हुकमाची वाट पाहणे हाच त्याच्या कामाचा गाभा होता. सोबती पडल्यावरही तो हलला नाही, म्हणजे त्याने नेमून दिलेले काम शेवटपर्यंत केले. कीर्तीचा पुरावा तारखांत आहे. आधी त्याला मॅनॉर पार्कच्या सामाईक कबरीत पुरले होते. लढाईतील ब्रिटिश सेनानी अ‍ॅडमिरल बीटी यांच्या अहवालातील गौरव जुलैमध्ये छापून आल्यावर शव उकरून २९ जुलैला लष्करी इतमामात पुन्हा दफन झाले, सप्टेंबरमध्ये पदक जाहीर झाले. जटलंडला ब्रिटनची १४ जहाजे बुडाली होती, जर्मनीची ११. नाराज जनतेपुढे ठेवायला निष्कलंक चेहरा हवा होता. कोवळ्या मुलांना जहाजावर घेणे ही तेव्हाची रीतच होती, तिला आजचा न्याय का लावावा, असेही म्हटले जाते. रीत मान्य केली तरी अपुऱ्या ढालीचा दोष तिच्या माथी मारता येत नाही. तो बांधणीतला दोष होता आणि गौरवाच्या गजरात त्याची चर्चा मागे पडली. जॅकला पदकाचा मान देताना नौदलाला हा जाब विचारणे त्या मानाला बाधक ठरत नाही.